मंद वारा आणि शिडाची फळी

मराठवाड्यात धरणातील पाण्याचा विचार आजवर बहुधा टक्केवारीतच होत आला आहे. श्रावण सरता सरता वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध होणारे जलसाठ्यांचे आकडे, पाटबंधारे खात्याच्या पाणीपाळ्यांच्या तारखा, नळाला किती दिवसांआड पाणी येणार याची विवंचना आणि चैत्र उजाडला की टँकरच्या खेपांचा हिशेब, एवढ्याच परिघात आमचे जलविषयक चिंतन फिरत राहते. आणि ज्या प्रदेशाने २०१६ साली लातूरसाठी मिरजेहून पाण्याची आगगाडी येताना पाहिली, त्याने पाण्याकडे क्रीडेच्या दृष्टीने पाहिले नाही म्हणून त्यास दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. तथापि लोहा तालुक्यात लिंबोटीपाशी मन्याड नदी अडवून ऊर्ध्व मानार प्रकल्पाचा जो जलाशय निर्माण झाला, त्याच्या काठी माळेगावच्या यात्रेच्या आगेमागे एखाद्या सकाळी उभे राहिले असता, पाण्याच्या बरोबरीने तेथे आणखी एक संपत्ती वाहते आहे हे ध्यानात येते, आणि ती म्हणजे त्या विस्तीर्ण पृष्ठभागावरून कोणत्याही टेकडीचा किंवा इमारतीचा अडथळा न होता येणारा मंद वारा. या वाऱ्याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ज्यांना विंडसर्फिंग, म्हणजे एका तरंगत्या फळीवर उभे राहून हाती धरलेल्या शिडाच्या बळाने पाण्यावरून जाण्याची विद्या शिकावयाची आहे, त्यांच्या दृष्टीने मात्र तो फार मोलाचा आहे.

या खेळाविषयी सर्वसामान्य वाचकाची जी कल्पना असते ती छायाचित्रांवरून बनलेली असते, आणि छायाचित्रकार, स्वाभाविकपणेच, तुफान वाऱ्यात फेसाळ लाटेवरून उसळणाऱ्या वीराचे चित्र टिपतो. त्यामुळे हे साहस समुद्रकाठच्या धट्ट्याकट्ट्या तरुणांचे असून त्यास सोसाट्याचा वारा अपरिहार्य आहे, असा ग्रह सर्वत्र रूढ झाला आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. या साधनाचा पूर्वज अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात, समुद्रापासून दूर, न्यूमन डार्बी नामक एका कारागिराने १९६४ साली सिद्ध केला आणि त्याचा आराखडा पुढच्याच वर्षी एका लोकप्रिय विज्ञान-मासिकात प्रसिद्ध केला. त्यानंतर कॅलिफोर्नियात जिम ड्रेक हे विमानविद्येचे अभियंता आणि हॉइल श्वाइट्झर हे त्यांचे मित्र, या दोघांनी त्यास आजचे रूप दिले. १९६८ साली त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९७० साली ते त्यांना मिळाले. या पेटंटच्या जोरावर श्वाइट्झर यांच्या कंपनीने अनेक देशांत दावे गुदरले, परंतु इंग्लंडातील न्यायासनापुढे एक विलक्षण पुरावा येऊन उभा राहिला, तो असा की पीटर चिल्व्हर्स नावाच्या एका मुलाने १९५८ साली, वयाच्या बाराव्या वर्षी, हेलिंग बेटाच्या किनाऱ्यावर अशाच जातीची फळी व शीड जोडून पाण्यावर चालविले होते. आणि १९८५ साली तेथील अपील न्यायालयाने हे पेटंट ग्राह्य न धरण्याचा निकाल दिला. बारा वर्षांच्या पोराच्या खेळाने एका बलाढ्य कंपनीचा दावा निकालात निघावा, ही घटना मला त्या साऱ्या इतिहासातील सर्वांत रुचकर वाटते.

ड्रेक यांच्या बुद्धीचे सार एका सांध्यात आहे. नावेची डोलकाठी तळाशी घट्ट बसविलेली असते आणि नाव वळविण्यासाठी मागे सुकाणू असते. विंडसर्फिंगच्या फळीला सुकाणूच नाही. डोलकाठीचे बूड फळीच्या मध्यभागी अशा एका लवचीक सांध्याने जोडलेले असते की ती पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे, वाटेल त्या दिशेला कलू शकते व स्वतःभोवती फिरूही शकते, आणि तिला कोणताही दोर, कोणताही ताण उभी धरीत नाही. धरतो तो फळीवर उभा असलेला मनुष्य, शिडाच्या दोहो बाजूंनी फिरलेल्या बूम नामक आडव्या दांड्याला दोन्ही हातांनी पकडून. शीड पुढे कलविले म्हणजे वाऱ्याचा जोर फळीच्या पुढील भागावर येऊन तिचे तोंड वाऱ्यापासून दूर वळते, मागे कलविले म्हणजे तोंड वाऱ्याच्या दिशेने वळते. सुकाणूचे सारे कार्य एवढ्या एका कलण्याने साधते. फळीच्या पोटातून पाण्यात खाली उतरणारे एक पाते, ज्याला डॅगरबोर्ड म्हणतात, ते फळीला आडवी वाहून जाऊ देत नाही, आणि मागील टोकाखालचे छोटे फिन तिची दिशा सरळ राखते. इतके समजले म्हणजे यंत्राचे शास्त्र समजले. उरते ते शरीराचे शिक्षण, आणि त्यालाच वेळ लागतो.

मंद वाऱ्याचा महिमा येथे सुरू होतो, आणि त्याचा विचार थोडा गणिताने केला पाहिजे. वाऱ्याचा शिडावरील जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. पाच चौरस मीटरचे शीड घेतले आणि ताशी पंधरा किलोमीटरचा वारा धरला, तर स्थूल हिशेबाने त्याच्यावर पाच किलोच्या आसपास ओढ येते. वारा ताशी तीस किलोमीटर झाला की तीच ओढ वीस किलोंवर जाते. आणि ताशी साडेसात किलोमीटरवर आला की अवघ्या सव्वा किलोवर उतरते. ज्याच्या हातांना अजून कोणताच संस्कार झालेला नाही अशा नवख्यास वीस किलोंच्या ओढीशी झुंजत झुंजत चुका सुधारणे अशक्यप्राय असते, कारण चूक घडणे आणि पाण्यात फेकले जाणे यांच्यामध्ये विचाराला अवकाशच राहत नाही. पाच किलोंच्या ओढीत तो अवकाश मिळतो. हात सैल झाला, शीड कलले, फळीचे तोंड हळूहळू फिरू लागले, हे सारे डोळ्यांना दिसते आणि ते सावरावयास क्षणभराची सवड असते.

परंतु मंद वारा सोपा असतो असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. जोराच्या वाऱ्यात तरबेज मनुष्य आपले सारे वजन बूमवर टाकून मागे रेलतो आणि वारा त्याला तोलून धरतो. नवखा हे चित्र मनात घेऊन येतो, सव्वा किलोच्या ओढीच्या भरवशावर आपला साठ-पासष्ट किलोंचा देह मागे झोकून देतो, आणि शिडासकट पाठीवर पडतो. मंद वाऱ्यात रेलावयास काहीच नसते. तेथे ताठ उभे राहावे लागते, गुडघे किंचित मोडलेले, पाठ सरळ, कंबर आत, दृष्टी पैलतीरावर. शीड हाताच्या बळाने न ओढता त्याचा तोल जेथे आपोआप सापडतो त्या बिंदूवर ठेवावे लागते. आणि वाऱ्याची प्रत्येक झुळूक व प्रत्येक खंड यांच्या बरोबरीने बोटभर पुढे, बोटभर मागे सरकत राहावे लागते. आमच्याकडे खळ्यावर तिवईवर उभे राहून रास उपणणारी माणसे ज्यांनी पाहिली असतील त्यांना ही शिस्त सहज समजेल. सुपातले धान्य केव्हा सोडावे आणि वारा पडताच हात केव्हा आखडावा, हे त्या माणसांना गालावरच्या स्पर्शावरून कळत असे, आणि उंच अरुंद आधारावर उभे असूनही त्यांचे पायांकडे लक्ष नसे. मळणीयंत्रे आल्यापासून हे दृश्य दुर्मीळ झाले, परंतु वाऱ्याचे ते ज्ञान ज्या घरांत एका पिढीपूर्वीपर्यंत होते, त्या घरांतील मुलांना ही क्रीडा परकी वाटण्याचे कारण मला दिसत नाही.

शिक्षणाचा पहिला पाठ पाण्याबाहेर व्हावा. मऊ जमिनीवर शीड उभारून, पायांखाली फळीएवढी जागा आखून, वाऱ्याकडे पाठ करून उभे राहावे आणि शीड वाऱ्यात फडफडू देऊन त्याचा स्वभाव ओळखावा. तासाभराच्या या अभ्यासाने पाण्यातील पुष्कळ धडपड वाचते. त्यानंतर कमरेएवढ्या पाण्यात फळी न्यावी. ती वाऱ्याला आडवी राहील आणि शीड वाऱ्याच्या खालच्या बाजूस पाण्यावर पसरलेले असेल अशी मांडणी करून, गुडघ्यांवर चढून मग उभे राहावे, आणि डोलकाठीच्या बुडाच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस एक असे पाय, फळीच्या मध्यरेषेवर, खांद्यांच्या रुंदीएवढे अंतर राखून ठेवावेत.

आता शीड वर उचलावयाचे. डोलकाठीला एक जाडसर गाठीचा दोर बांधलेला असतो. तो धरून, गुडघे वाकवून, पाठ सरळ ठेवून शरीराचे वजन मागे न्यावयाचे आणि पायांच्या बळाने उठत जावयाचे. नवखा येथे घाई करतो. पाण्यावर आडव्या पडलेल्या शिडाच्या कापडावर पाणी चढलेले असते, आणि पाच चौरस मीटर कापडावर एक सेंटीमीटर पाणी असले तर ते पन्नास किलो भरते, हे त्याला ठाऊक नसते. तो कंबरेतून हिसका मारतो, शीड जागचे हलत नाही, आणि संध्याकाळी पाठ दुखू लागली की हा खेळ आपल्या प्रकृतीला मानवत नाही असा निष्कर्ष तो काढतो. जाणता मनुष्य शिडाची केवळ वरची कड पाण्याबाहेर काढून क्षणभर थांबतो. कापडावरचे पाणी आपल्या वजनाने घरंगळत खालच्या कडेकडे जाते, शीड स्वतःच हलके होते, आणि मग दोरावर हातामागून हात टाकीत ते वर घेता येते. एवढे झाल्यावर आणखी एक सापळा उरतो: शिडाचे शेवटचे टोक पाण्यातून सुटले की सारा भार एकाएकी नाहीसा होतो, आणि मागे रेललेला मनुष्य त्याच क्षणी उताणा पडतो. शिकवणारे ‘टोक सुटायच्या आधी सरळ व्हा’ म्हणून कानीकपाळी ओरडतात. तरीही पहिल्या दिवशी बहुतेक सर्वच जण पडतात. गोड्या पाण्यात पडल्याने डोळे चुरचुरत नाहीत, ही धरणकाठच्या विद्यार्थ्यांना मिळालेली छोटीशी सवलत आहे.

शीड उभे राहिले, मोकळे फडफडू लागले, आणि त्याच्याशी काटकोन करून फळी स्थिर झाली, म्हणजे तटस्थ स्थिती साधली. माझ्या मते नवख्याने पहिला बराचसा वेळ या स्थितीतच घालवावा. दोर हातात धरून शीड फळीच्या पुढील टोकाकडे नेले की फळी एका अंगाला वळते, मागील टोकाकडे नेले की दुसऱ्या अंगाला. असे करीत फळी जागच्या जागी पूर्ण फिरवून आणता येते आणि पावले त्याबरोबर डोलकाठीभोवती फिरत राहतात. ज्याला हे जमले त्याला वळण्याची विद्या निम्मी आली. त्यानंतर पैलतीरावरील एखादे झाड खुणेला धरावे, पुढचा हात बूमवर डोलकाठीपासून वीतभर अंतरावर ठेवावा, शीड अंगासमोरून पुढच्या बाजूला आणून त्याचे वजन जेथे हाताला जाणवेनासे होते तेथे उभे धरावे, पुढचे पाऊल डोलकाठीच्या मागे घेऊन फळीच्या दिशेने वळवावे, आणि मग मागचा हात बूमवर ठेवून, दार लोटावे इतक्या सावकाश, शीड आत ओढून घ्यावे. फडफड थांबते. कापड फुगते, आणि फळीच्या कडेने पाणी बारीक आवाज करीत मागे जाऊ लागते.

काही बिघडले तर मागचा हात सोडावा. शिडातला वारा निघून जातो आणि सारे पुन्हा तटस्थ होते. पुढचा हात आधी सोडणे मात्र व्यर्थ, कारण तेव्हा शीड हातातून निसटते आणि दोराची सारी कसरत नव्याने करावी लागते.

जाणे सोपे, परतणे कठीण, हा शिडाच्या सर्व वाहनांचा धर्म आहे. वारा ज्या दिशेने येतो तिच्या दोहो बाजूंस सुमारे ४५ अंशांच्या आतील टापूत कोणतेही शीड चालत नाही; त्या दिशेला जावयाचे तर एकदा डाव्या अंगाने तिरपे, एकदा उजव्या अंगाने तिरपे, असे नागमोडी जावे लागते, आणि प्रत्येक वळणावर डोलकाठीच्या पुढून चालत शिडाच्या पलीकडच्या बाजूला जावे लागते. नवखा नकळत वाऱ्याबरोबर खाली वाहत जातो. म्हणून आरंभी वाऱ्याला आडवे जावे, तेही किंचित वाऱ्याकडे तोंड ठेवून, डॅगरबोर्ड पूर्ण खाली सोडून. आणि निघाल्या जागेपासून फार लांब जाण्यापूर्वीच वळण्याचा अभ्यास करावा. वारा अगदीच पडला किंवा हात थकले, तर शीड फळीवर आडवे घेऊन, पालथे पडून हातांनी वल्हवीत काठ गाठता येतो. कोणत्याही परिस्थितीत फळी सोडून पोहत निघू नये. ती तरंगते, थकलेला मनुष्य तरंगेलच असे नाही. जीवरक्षक जाकीट अंगात असलेच पाहिजे, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही.

वाऱ्याची परीक्षा कशी करावी? फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली वाऱ्याची जी श्रेणी लावली, तिच्या दुसऱ्या पायरीवर, म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर वेगाला, चेहऱ्याला वारा जाणवतो व झाडांची पाने सळसळतात. तिसऱ्या पायरीवर, ताशी १२ ते १९ किलोमीटरला, पाने व बारीक डहाळ्या सतत हलत राहतात. दुसरीचा वरचा आणि तिसरीचा खालचा भाग नवख्याला सर्वोत्तम. येथे आमच्या लोकांना एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते, ती ही की पिंपळावर विसंबू नये. त्याचे लांब देठाचे पान वारा जवळजवळ नसतानाही थरथरत असते. कडुलिंबाकडे पाहावे. आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले तर त्या दिवशी काठावर बसून इतरांचे पाहणे यातच शहाणपण आहे.

साहित्याविषयी थोडक्यात. नवख्याची फळी मोठी, रुंद व तरती हवी. एक लिटर आकारमान साधारण एक किलो वजन तोलते. तेव्हा आपल्या वजनात शंभर मिळवून जो आकडा येईल त्याहून अधिक लिटरची फळी घ्यावी, म्हणजे प्रौढ माणसास १८० ते २२० लिटर. शीड चार ते साडेपाच चौरस मीटरचे पुरे. दुकानातील चकचकीत अरुंद फळी पाहून मोहात पडणारे पुष्कळ असतात. ती मंद वाऱ्यात उभ्या माणसासकट बुडू लागते.

हे शिकवितात कोठे? केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात आहे, आणि दोना पावलाच्या बाजूचा उपसागर या खेळाला जुना परिचित आहे. गोव्यातीलच डेन आणि कात्या कोएल्हो या भावंडांनी विंडसर्फिंगमध्ये राष्ट्रीय पातळीवर नाव मिळविले. महाराष्ट्रात मुंबई बंदराला शिडांची परंपरा मोठी आहे, १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांतील नौकानयन तेथेच झाले व फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी त्यात सुवर्णपदक मिळविले. परंतु मुंबईचे भरती-ओहोटीचे पाणी आणि जहाजांची वर्दळ नवख्याच्या कामाची नाही. गोड्या, स्थिर पाण्याचा दाखला हवा तर खडकवासल्याचा द्यावा. पुण्याजवळच्या त्या धरणाच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र शिडे हाकावयास शिकतात.

लोहा-कंधारच्या माणसाला मात्र खरे जवळचे गाव हैदराबाद. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात आणि त्यानंतरही १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत, कोर्टकचेरीपासून उच्च शिक्षणापर्यंत ज्या शहराकडे नांदेड जिल्ह्याचे पाय वळत, त्या शहराच्या मध्यभागी कुतुबशाहीत सोळाव्या शतकात बांधलेला हुसेनसागर तलाव आहे; आणि समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या तलावावर सिकंदराबादच्या लष्करी ईएमई नौकानयन संघटनेच्या आश्रयाने पावसाळ्यात हैदराबाद सेलिंग वीक ही राष्ट्रीय स्पर्धा भरत आली आहे. यॉट क्लब ऑफ हैदराबाद ही संस्था तेथेच गरीब वस्त्यांतील मुलामुलींना शिडाची नाव शिकविते. हुसेनसागरचा वारा भोवतीच्या इमारतींमुळे सारखा दिशा बदलतो, आणि ज्याने तो वाचावयाचा सराव केला त्याला मोकळ्या धरणावरचा वारा सरळ वाटतो.

दख्खनच्या आणि माळव्याच्या पठारांवरील पाण्यात शिडाचे खेळाडू तयार होतात की नाही, ही शंका २०२३ नंतर कोणी बाळगू नये. त्या वर्षी चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याच्या नेहा ठाकूर हिने मुलींच्या शिडाच्या नौकेत रौप्यपदक मिळविले. शेतकरी कुटुंबातील ही मुलगी भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली होती. त्याच दिवशी, २६ सप्टेंबरला, ईबाद अली याने पुरुषांच्या विंडसर्फिंगमध्ये भारतास कांस्यपदक मिळवून दिले. ऑलिंपिकमध्ये हा खेळ १९८४ साली लॉस एंजेलिसला पुरुषांसाठी आणि १९९२ साली बार्सिलोनाला स्त्रियांसाठी आला, आणि १९९६ साली अटलांटाला ली लाय-शान या तरुणीने हाँगकाँगला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक, तेही सुवर्ण, याच क्रीडेत मिळवून दिले. भोपाळच्या तलावाकाठी जे घडले ते नांदेडच्या विष्णुपुरीला, पैठणच्या नाथसागरावर किंवा लिंबोटीला घडू नये असे काही भूगोलात नाही. उणीव आहे ती एका शिक्षकाची, पाच-सहा जुन्या फळ्यांची आणि एका बचावनौकेची.

आमच्या पाण्याची स्वतःची काही पथ्ये मात्र आहेत, आणि ती समुद्रकाठच्या पुस्तकात सापडत नाहीत. ज्येष्ठ-आषाढात नैर्ऋत्येचा वारा जोराचा असतो आणि जलाशय रिकामे. भाद्रपद-आश्विनात पाणी भरते, परंतु सांडव्यावरून विसर्ग चालू असताना धरणाच्या भिंतीजवळ फिरकणे म्हणजे मृत्यूला निमंत्रण. कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ उत्तम. पाणी भरलेले, आकाश निरभ्र, पहाटे वारा स्तब्ध, आणि ऊन वर आल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास, हळूहळू वाहू लागणारा. फाल्गुनानंतर दुपारच्या वावटळी आणि वळवाचे ढग येतात. विजा चमकू लागल्यावर उघड्या पाण्यावर चार-साडेचार मीटरची डोलकाठी घेऊन उभे राहण्याइतका अविचार दुसरा नाही. विजेचा दुसरा धोका याहूनही जवळचा आहे. धरणाच्या फुगवट्याच्या काठाने शेतकऱ्यांचे पाणबुडी पंप बसविलेले असतात, त्यांच्या तारा वाकड्यातिकड्या खांबांवरून, कधी नुसत्या बाभळीच्या फांदीवरून, पाण्यापर्यंत आलेल्या असतात, आणि आजकालच्या डोलकाठीत कार्बनचा धागा असतो ज्यातून वीज सहज वाहते. म्हणून शीड उभारावयाची जागा निवडताना आधी मान वर करून पाहावे.

पाण्याखालीही पाहावे लागते. धरण बांधताना जी शिवारे बुडाली त्यांतील झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे आणि घरांच्या भिंती पाणी उतरू लागले की पृष्ठभागाच्या वीतभर खाली येतात. डॅगरबोर्ड त्यांत अडकला म्हणजे फळी जागच्या जागी थांबते आणि मनुष्य पुढे जातो. गाळात पाय रुततो, म्हणून खडकाळ किंवा मुरमाड उतार शोधावा. कंधारच्या राष्ट्रकूटकालीन जगत्तुंग सागरासारखी प्राचीन तळी दिसावयास फार रमणीय. परंतु त्यांचे पाणी व घाट यांवर गावाची वहिवाट आणि पुरातनत्वाचा अधिकार आहे, तेथे नव्या खेळाने शिरकाव करू नये असे माझे मत आहे.

राहिला प्रश्न औचित्याचा. जे पाणी पिण्यासाठी राखले आहे, ज्यासाठी उन्हाळ्यात बायका घागरी घेऊन उभ्या राहतात, त्यावर खेळावे काय? यंत्राच्या नौकांबाबत ही हरकत मला सर्वस्वी मान्य आहे, कारण त्यांचे तेल पाण्यात उतरते. शिडाची फळी पाण्यातून काहीच घेत नाही आणि त्यात काहीच टाकीत नाही. तरीही जलाशय पाटबंधारे खात्याच्या ताब्यातील सरकारी मिळकत आहे. लेखी परवानगीवाचून, आणि भिंत, दरवाजे व पाणीपुरवठ्याची विहीर यांपासून सुरक्षित अंतर ठरवून घेतल्यावाचून, पाण्यात उतरू नये. परवानगीच्या कागदाहून मी अधिक महत्त्व देतो ते काठच्या मच्छीमारांच्या संमतीला. जलाशयातील मासेमारीचा ठेका बहुधा त्यांच्या सहकारी संस्थेकडे असतो. संध्याकाळी टाकलेली त्यांची जाळी सकाळी उचलली जातात, आणि पाण्यावर तरंगणारी रिकामी बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा हीच त्यांची खूण असते. ती खूण न ओळखता गेलेल्या फळीच्या पात्यात जाळे गुरफटते, आणि फाटलेल्या जाळ्याची किंमत त्या कुटुंबाच्या कित्येक दिवसांच्या कमाईएवढी असते. कोठे बुंधा आहे, कोठे बुडालेल्या गावाची वेस आहे, कोणत्या खोऱ्यातून दुपारी वारा एकाएकी फुटतो, हे थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रोज त्या पाण्यावरून हिंडणाऱ्या भोई मंडळींना जेवढे ठाऊक असते तेवढे कोणत्याही नकाशात नसते. तेव्हा लिंबोटीला उद्या कोणी शिडाची शाळा काढलीच, तर बचावनौकेवर त्यांच्यातील दोन तरुण पगारी नेमावेत आणि त्यांनी सकाळची जाळी उचलून झाल्याचे सांगितल्यावरच पहिली फळी पाण्यात सोडावी.